मदत हवी आहे: मे महिन्यात आईसोबत वेंगुर्ला, डच वखार आतून पाहता येते का?

नमस्कार. मी ठाण्याला घोडबंदर रस्त्यावर राहते. मुलांच्या परीक्षा संपल्या की मेच्या पहिल्या पंधरवड्यात आई आणि मुलांसह वेंगुर्ल्याला जायचा विचार आहे. त्या भागातील जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

समुद्रकिनारा मुलांना हवाच आहे. मला मात्र हे गाव त्यांना बंदर म्हणून दाखवायचे आहे. डचांनी १६३७ मध्ये इथे वखार घातली, पुढे १८१२ मध्ये हे बंदर सावंतवाडीकरांकडून इंग्रजांकडे गेले आणि रेल्वे येण्याआधी कितीतरी वर्षे मुंबईच्या आगबोटी इथे लागत होत्या. आई लहानपणी त्याच बोटीने आजोळी यायची, त्यामुळे तिला धक्का पुन्हा एकदा पाहायचा आहे. डच वखारीची बरीच पडझड झाल्याचे ऐकले आहे. तिथे आत जाऊ देतात का, आणि मुलांना नेण्याइतपत ती जागा सुरक्षित आहे का? आईला गुडघ्यांचा त्रास असल्याने बंदराजवळच्या दीपगृहापर्यंत गाडी जाते की चढावे लागते, हेही कळले तर बरे होईल.

दुसरा दिवस आरवली आणि शिरोड्यासाठी ठेवला आहे. आरवलीच्या वेतोबाला नवसाच्या भल्यामोठ्या चामडी वहाणा वाहतात आणि देव रात्री गावात फेरी मारतो म्हणून त्यांचे तळ झिजतात, अशी तिथल्या लोकांची श्रद्धा आहे. त्या वहाणा मुलांना जवळून पाहायला मिळाव्यात, अशी फार इच्छा आहे. शिरोड्याला १९३० च्या मे महिन्यात मिठाचा सत्याग्रह झाला. त्याच उन्हात ती मिठागरे पाहिली, तर सत्याग्रहींनी काय सोसले असेल याची मुलांना थोडी तरी कल्पना येईल, असे मला मनापासून वाटते. वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ या काळात शिरोड्याच्या ज्या शाळेत शिकवत होते, ती उन्हाळी सुट्टीत बाहेरच्यांना पाहता येते का?

प्रवासाचे म्हणाल तर रात्री ठाण्याहून कोकणकन्या पकडून सकाळी कुडाळला उतरायचे, एवढे नक्की आहे. मात्र कुडाळहून एसटीने जावे की वेंगुर्ल्यातली गाडी आधीच सांगून ठेवावी, याचा निर्णय होत नाही, कारण सामान आणि आई दोन्ही सांभाळायचे आहे.

मुलांना पोहायला सागरेश्वर बरे की मोचेमाड? मेमध्ये भरतीच्या वेळी कुठे ओढ जास्त असते, हे स्थानिकांनी स्पष्ट सांगावे. त्याबाबत मला कोणताही धोका पत्करायचा नाही. शेवटचे म्हणजे, तळमजल्यावर खोली, दिवसभर पाणी आणि घरगुती मत्स्याहारी जेवण मिळेल असे राहण्याचे ठिकाण वेंगुर्ल्यात शोधावे की शिरोड्यात? आईला पथ्यामुळे तिखट चालत नाही, त्यामुळे सांगितल्यावर कमी तिखटाची आमटी वेगळी करून देणारे घर असेल तर अधिक चांगले.