चार मतं दिली, आता जाब कोणाला विचारायचा?

नदीकाठचा

१५ जानेवारी २०२६ ला राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झालं. पुण्या-मुंबईत मार्च २०२२ पासून आणि नवी मुंबई, औरंगाबादेत तर २०२० पासून निवडून आलेला एकही नगरसेवक नव्हता. पाणीपट्टी, मिळकतकर आपण भरत होतो आणि तो कुठं खर्च करायचा हे प्रशासक एकटा ठरवत होता. राज्यघटनेचं कलम २४३-यू सांगतं की मुदत पाच वर्षांची आणि ती संपायच्या आत पुढची निवडणूक झाली पाहिजे. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे खटले चालू राहिले, तारखा पडत गेल्या, आणि शेवटी मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आदेश दिल्यावर कुठं चाक हललं.

आता नगरसेवक आले. एक नाही, चार आले! मुंबईत एका प्रभागाला एक नगरसेवक, पण बाकी शहरांत बहुतेक ठिकाणी अ, ब, क, ड अशा चार जागा. आमच्या भागात ड्रेनेजची लाईन तुंबून रस्त्यावर मैलापाणी येतं. पहिल्याकडं गेलो तर म्हणाले, तो पट्टा दुसऱ्यांकडं आहे. दुसरे म्हणाले, आम्ही चौघांनी कामं वाटून घेतलीत, ड्रेनेज तिसऱ्यांकडं. तिसऱ्या ताईंचा फोन त्यांचे यजमान उचलतात. चौथे प्रचारानंतर दिसलेले नाहीत. मी मत चौघांसाठी दिलं, आणि चौघांपैकी एकही म्हणत नाही की हा भाग माझा आहे.

पुण्याचंच उदाहरण घ्या. २००२ ला तीनचा प्रभाग, २००७ ला एकाचा, २०१२ ला दोनचा, २०१७ ला चारचा. मधे महाविकास आघाडीनं आधी एकाचा केला, मग तीनचा. २०२२ ला सरकार बदललं आणि पुन्हा चारचा. सगळ्या रंगांच्या सरकारांनी हा नियम आपल्या सोयीनं फिरवला, आणि यातल्या एकाही वेळी तुम्हाला-मला कोणी विचारलं नाही.

लोक म्हणतात ‘सगळे चोर आहेत’. माझा राग त्यावर नाही. माणूस प्रामाणिक असला तरी त्याला जाब विचारायची सोयच ठेवलेली नाही, यावर आहे. एक प्रभाग, एक नगरसेवक हे राज्यभर झालं पाहिजे. तुमचं काय मत?

माजी_कार्यकर्ता

मी वीस-बावीस वर्षं एका पक्षाचं काम केलं, आता थांबलोय. तुमचा त्रास खरा आहे, पण औषध चुकीचं सांगताय.

एकाच्या प्रभागात काय चालायचं ते मी जवळून पाहिलंय. दहा-पंधरा हजार मतदार, त्यातले निम्मे मतदानाला येणार, चार-पाच उमेदवार. निवडून यायला अडीच-तीन हजार मतं पुरली. एवढी मतं दोन वस्त्या आणि तीन मंडळं हाताशी धरली की होतात. बाकीच्या सोसायट्यांचं तोंड बघायची गरज नाही. जो भाईगिरी करतो तो अशा प्रभागात सगळ्यात सोप्या रीतीनं निवडून येतो. पुण्यात आता चारच्या प्रभागाची सरासरी लोकसंख्या ८० हजारांच्या वर आहे. तिथं नुसत्या गल्लीच्या जोरावर जमत नाही, पाच वस्त्यांशी बोलावं लागतं.

दुसरं म्हणजे आरक्षण. आपल्याकडं स्थानिक संस्थांत निम्म्या जागा बायकांना आहेत, शिवाय अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसींच्या. एकाच्या प्रभागात सोडत निघाली की पाच वर्षं काम केलेला माणूस एका चिठ्ठीनं बाहेर. चारच्या प्रभागात निदान एक खुली जागा बहुतेक ठिकाणी राहते, त्यामुळं काम करणारा टिकतो. ‘यजमान फोन उचलतात’ हे एकाच्या प्रभागातही होतं. तिथं तर यजमानच सगळा कारभार बघायचे.

वैशाली_ना

@माजी_कार्यकर्ता, मोठ्या प्रभागात पाच वस्त्यांशी बोलतात म्हणताय. आमच्याकडं नाही बोलले. पॅनेल टाकलं, वर नेत्याचा फोटो, खाली चार चेहरे, चिन्ह एक. लोकांनी चार वेळा तेच बटण दाबलं. चौथ्या उमेदवाराचं नाव माझ्या सासूबाईंना मत देऊन बाहेर आल्यावरही माहीत नव्हतं. मोठा प्रभाग म्हणजे जास्त खर्च, जास्त खर्च म्हणजे पक्षाचं तिकीट, आणि अपक्ष तर उभाच राहू शकत नाही. आमच्या शाळेच्या प्रश्नावर दहा वर्षं झटणाऱ्या बाई उभ्या राहणार होत्या. एवढ्या मोठ्या प्रभागात पत्रकं वाटायलाही माणसं पुरणार नाहीत म्हणून थांबल्या. एकाच्या प्रभागात त्या निवडून आल्या असत्या, हे मी छातीठोक सांगते.

रोखठोक_सोलापूर

सगळे नियमांवर बोलताय, मतदारावर कोण बोलणार? आदल्या रात्री पाकिटं घेतली कोणी? सोसायटीचं रंगकाम, पेव्हर ब्लॉक, काशी नाहीतर अष्टविनायक यात्रा, हे मागितलं कोणी? मी स्वतः पाहिलंय, शिकलेल्या लोकांच्या सोसायटीची मिटिंग उमेदवारांना बोलावून ‘आमचं काय’ विचारायला भरली होती. ड्रेनेजचं कोणी काढलं नाही. वरून मतदानाच्या दिवशी निम्मं शहर घरी नाहीतर गावाला. ज्याला पैसे देऊन निवडून यावं लागलं तो तुम्हाला जाब का देईल? त्याच्या लेखी व्यवहार मतदानाच्या दिवशीच पुरा झाला.

नदीकाठचा

@रोखठोक_सोलापूर, पाकिटं घेतली जातात, मान्य. पण ती घेणारा माणूस असं का वागतो तेही बघा. पाच वर्षांत त्याच्या हाती लागण्यासारखं तेवढंच आहे, हे त्याला अनुभवानं कळलंय. नंतर काही मिळणार नाही, मग आत्ता मिळतंय ते का सोडा? मी त्याचं समर्थन करत नाही. पण ज्याच्या घरात आठवड्यातून दोनदा पाणी येतं त्याला ‘तू विकला गेलास’ म्हणणं मला जमत नाही.

@माजी_कार्यकर्ता, तुमचा आरक्षणाचा मुद्दा वजनदार आहे. पण त्याचं उत्तर आरक्षण दोन टर्म एका जागी ठेवणं हे असू शकतं. त्यासाठी चौघांना एका प्रभागात का कोंबायचं?

सुवर्णा_तळेगावकर

मी नोटा, म्हणजे ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हे बटण, दाबलं. चारही जागांवर. आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही.

२०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हा अधिकार दिला. २०१९ च्या विधानसभेला लातूर ग्रामीणमध्ये नोटा दुसऱ्या क्रमांकावर होता, २७,५०० मतं. २०२२ च्या अंधेरी पूर्व पोटनिवडणुकीत पुन्हा दुसऱ्या क्रमांकावर, १२,८०६. आणि आपल्या राज्य निवडणूक आयोगानं तर २०१८ मध्येच आदेश काढला होता की स्थानिक निवडणुकीत नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तर निवडणूक पुन्हा घ्यायची. लोकसभा-विधानसभेला ही सोय नाही, महापालिकेला आहे. मग ती वापरूया ना!

रोखठोक_सोलापूर

लातूर आणि अंधेरीची उदाहरणं सांगताना बाकीचं सांगा. दोन्हीकडं मोठ्या विरोधी पक्षाचा उमेदवारच मैदानात नव्हता, किंवा जागा अशा मित्रपक्षाला सुटली होती ज्याचं तिथं काही नव्हतं. नाराज झालेल्या कार्यकर्त्यांनी नोटा दाबला. लातूरला जिंकणाऱ्याला सव्वा लाखाच्या वर मतं होती. त्याला सामान्य माणसाचा उद्रेक कसा म्हणणार?

सुवर्णा_तळेगावकर

बरं, मग बिनविरोधचं काय? या वेळी कल्याण-डोंबिवलीसह कितीतरी ठिकाणी मतदानाआधीच उमेदवार बिनविरोध निवडून आले. समोरच्यांनी अर्ज मागे घेतले. कसे घेतले, कोणी घ्यायला लावले, यावर आरोप झाले. तिथल्या मतदाराला त्या जागेसाठी बटणच मिळालं नाही, नोटाचंसुद्धा नाही. एकच उमेदवार उरला तरी नोटाशी लढत झालीच पाहिजे. माझा प्रतिनिधी म्हणून मिरवायचं असेल तर निदान माझं एक मत तरी घेऊन जा. या एका मागणीवर इथले सगळे सही करतील की नाही?

माजी_कार्यकर्ता

यावर मी सही करतो. आत्ता, इथं.

गडचिरोलीचा_मास्तर

शहरातल्या लोकांचं वाचून राहिलो होतो, म्हटलं लिहावं. तुमच्याकडं ग्रामसभा नाही, हे तुमच्या दुखण्याचं मूळ आहे. आमच्याकडं सरपंच चांगला असो की वाईट, वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. कारण नसताना टाळल्या तर पद जाऊ शकते, कायद्यातच आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाची घोषणा तुम्ही ऐकली असेल, ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’. त्या गावानं २००९ मध्ये जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला आणि स्वतःचा बांबू स्वतः विकला. कोणता आमदार निवडून आला म्हणून नाही मिळाला तो. गाव बसत होतं, बोलत होतं, एकमत होईतो उठत नव्हतं.

सगळ्या गावांत असं आहे असं मी म्हणत नाही. बऱ्याच जागी सभा रजिस्टरातच होते, सह्या घरी जाऊन घेतात. पण गावातला माणूस उभा राहून ‘मागच्या सभेत ठराव झाला, त्याचं काय झालं’ विचारू शकतो, आणि ते उत्तर लिहून घ्यावं लागते. शहरातला माणूस हा प्रश्न कुठं उभा राहून विचारेल, ते सांगा. एकाचा प्रभाग करा का चारचा, विचारायला जागाच नाही.

फोंड्याहून

गोव्यातून लिहितोय. तुमचा वाद चारात एक कसा शोधायचा यावर आहे, आमचं दुःख वेगळं. आमचे आमदार आम्हाला नावानं ओळखतात, मतदारसंघ पंचवीस-तीस हजारांचे, लग्नाला येतात, मयताला येतात. तरी काय झालं? २०१९ च्या जुलैत काँग्रेसच्या १५ पैकी १० जणांनी पक्ष बदलला. २०२२ च्या निवडणुकीआधी म्हणून उमेदवारांना देवळात, चर्चमध्ये, दर्ग्यात नेऊन पक्ष सोडणार नाही अशी शपथ घ्यायला लावली. सप्टेंबरात ११ पैकी ८ गेले. दोन तृतीयांश भरले की राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टातलं विलीनीकरणाचं कलम पुढं करायचं, आणि आमदारकी शाबूत. १९८५ चा पक्षांतरबंदी कायदा एकट्यादुकट्याला धरतो, घाऊक गेले तर सोडतो.

तेव्हा छोटा मतदारसंघ झाला की प्रतिनिधी आपला होतो, ही समजूत सोडा. तो रोज भेटतो आणि तरीही आपण दिलेलं मत घेऊन दुसरीकडं जातो. मला यावर एकच उपाय दिसतो, पक्ष बदलायचा असेल तर राजीनामा देऊन परत आमच्यासमोर या. मध्य प्रदेशात नगराध्यक्षाला परत बोलवायची सोय आहे, नगरसेवकांनी ठराविक बहुमतानं मागणी केली की लोक ‘खाली कुर्सी, भरी कुर्सी’ अशा दोन चिन्हांवर मत देतात. आमदाराला का नको?

माजी_कार्यकर्ता

परत बोलवायच्या हक्काला माझा ठाम विरोध. हरलेला उमेदवार दुसऱ्या दिवसापासून सह्या गोळा करायला लागेल. ज्याच्याकडं पैसा आहे तो सह्याही विकत घेईल. अतिक्रमण काढायचं, फेरीवाल्यांना शिस्त लावायची, असली चार लोकांना न आवडणारी कामं कोण करेल मग? राजीनामा देऊन परत निवडणूक लढवा, हे मात्र पटतं. २०२२-२३ मध्ये महाराष्ट्रात दोन पक्षांचं जे झालं, त्यात गेलेल्या आमदारांपैकी एकालाही मध्येच मतदारापुढं जावं लागलं नाही. अपात्रतेचे निकाल विधानसभा अध्यक्षांनी दिले ते जानेवारी-फेब्रुवारी २०२४ मध्ये. मी पक्षाचं काम तेव्हाच सोडलं.

नदीकाठचा

मास्तर, तुमच्या प्रश्नानं माझी मागणी थोडी बदलली. शहरासाठी क्षेत्रसभा नावाची गोष्ट महाराष्ट्रानं २००९ मध्ये महापालिका कायद्यात आणली आहे. मतदान केंद्रांच्या आसपासच्या मतदारांनी बसायचं, नगरसेवकानं समोर यायचं. ती आमच्याकडं कधी भरलेली नाही. ती भरवायची तर एका भागाला एक जबाबदार माणूस लागतो. चारच्या प्रभागात माझ्या भागाची सभा चौघांतल्या कोणी बोलवायची? म्हणून मी अजूनही एकाच्या प्रभागावर ठाम आहे, पण सभेशिवाय तोही फुकट जाईल हे मला पटलं.

पुढच्या आठवड्यात मी चौघांच्या नावे एकच अर्ज देणार आहे, पोच घेऊन. तीन गोष्टी मागणार. प्रभाग चौघांनी कसा वाटून घेतलाय ते लेखी द्या, या वर्षी आपल्या प्रभागातल्या कामांना अंदाजपत्रकात किती तरतूद आहे ते सांगा, आणि क्षेत्रसभेची तारीख द्या.

वैशाली_ना

अर्जाचा मसुदा इथं टाका. आमच्या प्रभागात मी देते. शाळेच्या बाईंनाही घेते बरोबर.

माजी_कार्यकर्ता

पहिली मागणी काढून टाका. ‘वाटून घेतलंय ते लेखी द्या’ म्हणालात की ती वाटणी तुम्हीच मान्य केली असं होतं. कायद्यानं चौघंही पूर्ण प्रभागाचे नगरसेवक आहेत. ड्रेनेजसाठी चौघंही जबाबदार, असंच लिहा, आणि प्रत्येकाकडून वेगळं उत्तर मागा. क्षेत्रीय कार्यालयात प्रभाग समितीची बैठक होते, तिचा अजेंडा आधी मिळवा. चौघांनी तिथं ड्रेनेजचा विषय मांडला का, कोण गैरहजर होतं, हे इतिवृत्तात दिसतं. इतिवृत्ताची प्रत माहिती अधिकारात मिळते.

नदीकाठचा

पहिल्या मागणीबद्दल तुमचं बरोबर वाटतंय, काढतो. पण तारखेची मागणी राहणार. मसुदा रात्री टाकतो.