स्वयंपाकघरात कचऱ्याचा डबा: जास्त वर्षं टिकणारा कसा ओळखायचा?

कृष्णाकाठ_सांगली
घरात चार माणसं, घंटागाडी रोज सकाळी येते. डबा ओट्याखालच्या कप्प्यात ठेवायचाय, कप्प्याची आतली उंची ६० सेंमी. पायाने उघडणारा स्टीलचा घ्यावा म्हणतोय, पण दुकानात सगळेच चकचकीत दिसतात. पाच-सात वर्षं जाईल असा कशावरून ओळखायचा? आणि केवढा घ्यायचा?

पान्हा_पक्कड
स्टीलचा डबा पत्र्यामुळे क्वचितच जातो, जातो तो पेडलपायी. दुकानातच उलटा करून बघा. पेडल दाबलं की मागून वर गेलेली सळई झाकण ढकलते. ही सळई पेडलला प्लॅस्टिकच्या आकड्यात अडकवलेली असेल तर तो डबा घेऊ नका. पहिला तोच आकडा तुटतो आणि सुटा सहसा मिळत नाही. सळई धातूची, निदान ४ मिमी जाड, टोक वाकवून पेडलच्या भोकात ओवलेली हवी. पुढेमागे गंजली तरी वेल्डिंगवाला तशीच दुसरी वाकवून देतो.

मग रिकामा डबा फरशीवर ठेवून पेडलचा एक कोपराच चवड्याने दाबा. सळई लवली किंवा डबा मागून उचलला गेला, तर रोजच्या वापरात टिकणार नाही. बिजागरी स्क्रूची बघा, रिव्हेटची सैल झाली की घरी काही करता येत नाही. आतली बादली आणि बाहेरचा डबा यांत बोटभर फट हवी, नाहीतर खाली हवा न शिरल्याने बादली वर निघत नाही आणि ओढाओढीत कडी तुटते.

मिरज_भांडी
स्टीलबद्दल भर घालतो. लोहचुंबक चिकटला नाही म्हणजे ३०४ (गंजाला चांगलं तोंड देणारी स्टीलची ग्रेड) असा समज आहे, तो चूक. २०२ या हलक्या ग्रेडलाही चुंबक चिकटत नाही. चिकटला तर बहुधा ४३०, नाहीतर मुलामा दिलेलं लोखंड. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, म्हणून लिंबाची सालं, चिंचेचा चोथा, लोणच्याचं मीठ यांना ते जास्त दाद देत नाही. बिलावर ग्रेड लिहून घ्या.

गंज बहुतेक बुडाच्या कडेला सुरू होतो. तिथे पत्रा दुमडलेला असतो, फरशी पुसताना पाणी त्या दुमडीत शिरतं आणि पावसाळ्यात ते वाळतच नाही. बुडाला रबराची किंवा प्लॅस्टिकची गोल पट्टी असलेला घ्या. ब्लीचने धुऊ नका, त्यातल्या क्लोरीनने स्टीलला बारीक खड्डे पडतात. भांड्याचा साबण पुरे, पण नंतर कोरडं पुसाच.

ओला_सुका
माझं मत वेगळं आहे. तुमचा कप्पा ६० सेंमीचा. १२ लिटरचा पेडलचा डबा साधारण ४० सेंमी उंच, त्यावर उघडलेलं झाकण २५ सेंमी. म्हणजे झाकण दर वेळी ओट्याला आपटणार आणि बिजागरी वर्षभरात ढिली होणार. कप्प्यात साधी झाकणाची प्लॅस्टिक बादलीच ठेवा. बुडावर त्रिकोणात २ किंवा ५ आकडा बघा, म्हणजे एचडीपीई किंवा पीपी, ही चिवट प्लॅस्टिकं. तिच्यात मोडण्यासारखं फार काही नसतंच.

कृष्णाकाठ_सांगली
झाकणाचं लक्षातच आलं नव्हतं! मग पेडलचा बाहेर ठेवू का? आणि प्लॅस्टिकला वास धरतो, त्याचं काय?

ओला_सुका
हो, पेडलचा २० लिटरचा बाहेर, सुक्यासाठी. ओल्यासाठी कप्प्यात ८ ते १० लिटरची बादली. चौघांचा रोजचा ओला कचरा किलो-दीड किलोचा, एखाद्या दिवशी गाडी चुकली तरी मावतो. घनकचरा नियमांप्रमाणे ओला-सुका घरीच वेगळा करायचा असल्याने दोन डबे लागणारच.

वास धरतो तो ओरखड्यांत. तारेची घासणी लावली की प्लॅस्टिकवर बारीक रेघा पडतात आणि खरकट्याचं तेल त्यांत मुरतं. स्पंजनेच घासा. बुडाला जुन्या वर्तमानपत्राची चौपदरी घडी ठेवा, चहाच्या चोथ्याचं पाणी ती शोषते आणि चिलटंही कमी होतात. बादली सावलीत उपडी वाळवा, गच्चीवर रोज उन्हात ठेवली की प्लॅस्टिक ठिसूळ होऊन काठापासून तडकतं. हळदीचा डाग राहिला तर मात्र तेवढ्यापुरतं तासाभराचं ऊन द्या, पिवळेपणा उतरतो.