मदत हवी आहे: लॅब्रॅडॉर बदक किनाऱ्यावरच टाकतो, टेस्ट जूनमध्ये

तळ्याकाठी
पटकन उत्तर हवंय. माझा लॅब्रॅडॉर खंड्या, बंपर (सरावाचा फेकायचा दंडगोल) कितीही लांब फेका, धावत जाऊन आणतो आणि हातात देतो. पण मेलेलं बदक फेकलं की पाण्यातून किनाऱ्यापर्यंत आणतो, तिथे खाली टाकतो, अंग झटकतो आणि माझ्याकडे बघत उभा राहतो. कधी परत उचलतो, कधी नुसता हुंगत बसतो. इथे अमेरिकेत शिकारी कुत्र्यांची, पडलेला पक्षी आणून द्यायची टेस्ट असते, ती जूनमध्ये आहे, नाव नोंदवायचंय. यूट्यूबवर दहा जण दहा गोष्टी सांगतात. नेमकं काय करायचं ते सांगा. "कुत्र्याशी नातं घट्ट करा" छाप सल्ले नकोत.

पाणकावळा
कुठली टेस्ट? एकेसीची (अमेरिकन केनेल क्लब) की एचआरसीची (हंटिंग रिट्रीव्हर क्लब)? कुत्र्याचं वय? कुठल्या राज्यात? यातलं काहीच लिहिलेलं नाही.

तळ्याकाठी
टेस्ट म्हणजे ज्युनिअर, सगळ्यात खालची पातळी. त्याने काय फरक पडतो? बदक टाकतो हा प्रॉब्लेम आहे.

पाणकावळा
फरक पडतो म्हणून तर विचारलं. एकेसीच्या ज्युनिअरमध्ये चार सिंगल मार्क (कुत्र्यादेखत एका वेळी एकच पक्षी पडतो) असतात, दोन जमिनीवर, दोन पाण्यात, साधारण १०० यार्डांच्या आत. पक्षी हातात द्यावाच लागतो. एचआरसीच्या स्टार्टेडमध्येही (तिथली पहिली पातळी) चारच, पण जमिनीवर जास्तीत जास्त ७५ आणि पाण्यात ६० यार्ड, आणि हातात देण्याची सक्ती नाही, हँडलरच्या आसपास आणून टाकला तरी चालतो. म्हणजे तुमचा कुत्रा आज स्टार्टेडला बसेल, ज्युनिअरला लटकेल.

वाघ्या_मॅडिसन
+१. स्टार्टेड करा, चार पास झाले की वीस पॉइंट आणि एसएचआर (स्टार्टेड हंटिंग रिट्रीव्हर) टायटल. यूकेसीची (युनायटेड केनेल क्लब, एचआरसी त्यांच्याशी संलग्न) नोंदणी मात्र आधी करून घ्या, नाहीतर पॉइंट मिळत नाहीत. एकेसीवाले उगाच कडक.

पाणकावळा
कडक नाहीत, हातात देणं ही पुढच्या सगळ्याची पायरी आहे. आज सोडून दिलंत तर सीनिअरला, म्हणजे वरच्या पातळीला, जाताना दुप्पट मेहनत. एकेसीत पक्षी टाकून अंग झटकलं म्हणून लगेच बाद करत नाहीत. परत उचलून हातात दिला तर फार तर ट्रेनेबिलिटीचे (शिकवलेलं पाळण्याचे) गुण कापतात. दोन जज असतात, प्रत्येक गुणाला शून्य ते दहा. एकूण सरासरी सात हवी आणि कुठल्याही गुणाची सरासरी पाचच्या खाली जाता कामा नये. बाद होतो तो परत न उचलणारा, पाण्यात न शिरणारा आणि पक्षी चावून खाण्यालायक न ठेवणारा. "कधी नुसता हुंगतो" हे तुमचं खरं दुखणं आहे.

तळ्याकाठी
एकेसीच. मिनेसोटा. वय चौदा महिने. आता सांगा.

सुलूताई
अहो, आधी एवढं सांगा, बदक ताजं असतं की फ्रीझरमधलं? आणि पूर्ण वितळलेलं की अर्धवट?

तळ्याकाठी
फ्रीझरमधलं. सकाळी काढतो, दुपारी वापरतो. संध्याकाळी परत आत.

सुलूताई
मग थोडा दोष बदकाचाही आहे. चिंब भिजलेलं, पिसं सुटत चाललेलं बदक तोंडात धरणं कुत्र्याला नकोसं वाटतं, पिसं टाळूला चिकटतात. शिकाऊ कुत्र्याला द्यायचं ते घट्ट, थंड, कोरडं बदक. पंख अंगालगत दाबून जुन्या नायलॉनच्या मोज्यात सरकवा, म्हणजे पंख फडफडत नाहीत आणि कुत्रा पंखाला धरून फरफटत आणत नाही. वापरून झालं की पुसून, पंख मिटवून पिशवीत भरून फ्रीझरमध्ये. वास आला की फेकून द्या, काटकसर करू नका. आणि थेट बदकावर का गेलात? आधी बंपरला पंख चिकटपट्टीने बांधायचे, मग कबुतर, मग लहान बदक, मग मॅलर्ड (मोठ्या जातीचं बदक). यात दोन आठवडे जातात, पण पुढचे दोन महिने वाचतात.

मोगरा२०१०
अवांतर: लॅबचे केस फार गळतात का? आमच्या सोसायटीत एकाकडे आहे, लिफ्टमध्ये सगळीकडे केस. रोज ब्रश केलं आणि आहारात जवस घातलं तर फरक पडतो म्हणतात.

बारामतीकर
इकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे शिकार बंद आणि तिकडे आपली माणसं बदकं फ्रीझरमध्ये भरताहेत. धन्य. बाकी घरी आईवडील आले की तो फ्रीझर कोण उघडणार?

सुलूताई
बारामतीकर, ही बदकं फार्मवर वाढवलेली असतात. पाळीव मॅलर्डला नियमाप्रमाणे खूण करावी लागते, बहुतेक वेळा उजव्या पायाचं मागचं बोट छाटलेलं असतं. घेताना तेवढं बघून घ्या. एखाद्या शिकाऱ्याने जंगली बदक दिलं तर त्याची सही, पत्ता, जात, संख्या, मारल्याची तारीख लिहिलेला टॅग सोबत हवा, नाहीतर तुम्ही अडचणीत. आणि फ्रीझर वेगळाच घ्यावा, छोटा चेस्ट फ्रीझर गॅरेजमध्ये. यावरून घरात भांडण होऊ नये एवढीच इच्छा.

डबलबॅरल
हे मोजे, कबुतरं सगळं ठीक आहे, पण उत्तर एकच. फोर्स फेच. कान चिमटून तोंड उघडलं की बंपर आत, आत गेला की चिमटा सुटला. सहा आठवडे. त्यानंतर कुत्रा बदक टाकणारच नाही, किनाऱ्यावर किंवा कुठेही.

सुलूताई
चौदा महिन्यांच्या, बदकाचा आत्ता कुठे अनुभव घेणाऱ्या कुत्र्यावर फोर्स फेच आणि जून तोंडावर? अर्धवट सोडलेलं फोर्स फेच हे काहीच न करण्यापेक्षा वाईट. कुत्र्याला बदक म्हणजे कानाचं दुखणं असं समजलं की मग पाण्यातच जायचा नाही.

डबलबॅरल
अर्धवट सोडा असं मी म्हटलंच नाही. मास्टरला, म्हणजे सगळ्यात वरच्या पातळीला, जाणाऱ्या बहुतेक कुत्र्यांचं केलेलं असतं. बिस्किटं वाटून होत नाही हे.

पाणकावळा
दोघंही थांबा. जूनसाठी फोर्स फेच होणार नाही, पण "होल्ड" शिकवता येतो, आणि तो दोन्ही पद्धतींचा पाया आहे. इंचभर जाडीची लाकडी दांडी घ्या. कुत्रा बसलेला, दांडी दातांमागे ठेवा, हनुवटीखाली दोन बोटं. पाच सेकंद स्थिर धरली की "दे" म्हणून काढून घ्या. चावायला, जिभेने ढकलायला लागला तर हनुवटी हलकेच वर, ओरडायचं नाही. तीस सेकंदांपर्यंत आल्यावर दांडी तोंडात असताना चार पावलं चालवा, मग बंपर, मग ओला बंपर, मग मोज्यातलं बदक. हे सगळं जमिनीवर आणि घराजवळ. पाणी शेवटी.

पाण्यावर तुम्ही किनाऱ्यावर उभे राहता ना? म्हणूनच टाकतो. पाय जमिनीला टेकले, पोटाखालचं पाणी संपलं की अंग झटकणं आपोआप येतं. तुम्ही गुडघाभर पाण्यात उभे राहा आणि कुत्रा अजून छातीभर पाण्यात असताना बदक घ्या. घेतल्यावर "झटक" म्हणून झटकू द्या, तोही आदेशच शिकवा. चार दिवस असं झालं की दोन पावलं मागे, मग किनाऱ्यावर, मग पाण्यापासून पाच यार्ड दूर. एकदा टाकलं की लगेच एक पाऊल पाण्याकडे परत. तो टाकतो तिथे पुढे धावून जाऊ नका, त्याला वाटतं खेळ सुरू झाला, मग बदक घेऊन पळतो. दहा मीटरची हलकी दोरी पट्ट्याला असू द्या.

तळ्याकाठी
हे हवं होतं. दांडी आजच आणतो. आणि लाइनवर (कुत्रा सोडायच्या जागी) काय नियम? पट्टा धरून ठेवता येतो का?

वाघ्या_मॅडिसन
ज्युनिअरमध्ये येतो. साध्या पट्ट्याच्या कडीतून पातळ दोरी ओवून दोन्ही टोकं मुठीत, सोडताना एक टोक सोडलं की दोरी सरकून हातात राहते, कुत्रा मोकळा. जज नंबर पुकारेपर्यंत सोडायचं नाही, म्हणून सरावातही पक्षी पडल्यावर तीन मोजून मगच पाठवा. कपडे गडद किंवा कॅमो. इलेक्ट्रॉनिक कॉलर मैदानावर चालत नाही, गाडीतच ठेवा. सरावाला बंपर पांढरा घ्या, केशरी नाही. कुत्र्याला केशरी रंग गवतात मिसळलेला दिसतो. बंदुकीची सवय झाली आहे का?

तळ्याकाठी
दूरून झाली आहे, मान वर करतो फक्त. अजून एक, खूप महत्त्वाचं नसेल, पण उन्हात सलग आठ-दहा फेऱ्या केल्या की मागचे पाय लटपटतात, मागचा भाग ओढत चालतो. सावलीत बसवून पाणी दिलं की पंधरा-वीस मिनिटांत ठणठणीत. स्टॅमिना वाढवायला काय खायला द्यावं?

सुलूताई
खूप महत्त्वाचं आहे. सगळा सराव आज थांबवा.

पाणकावळा
सहमत, बाकीचं सगळं नंतर. लॅबमध्ये ईआयसी नावाचा अनुवंशिक आजार असतो, व्यायामाने कोसळणं. जोरदार धावपळ आणि उत्साह एकत्र आले की पाच ते वीस मिनिटांत मागचे पाय ढिले पडतात, कुत्रा शुद्धीत असतो, अर्ध्या तासाच्या आत बरा होतो. पहिल्यांदा दिसतो तो बहुधा पाच महिने ते तीन वर्षांच्या दरम्यान. डीएनएम१ या जीनमधला बदल कारणीभूत आहे हे २००८ मध्ये प्रसिद्ध झालं, त्या संशोधनात मिनेसोटा विद्यापीठच होतं. तुमच्याच राज्यात. गालाच्या आतला स्वॅब किंवा रक्त देऊन डीएनए चाचणी होते. आईकडून आणि वडिलांकडून अशा दोन्ही प्रती आल्या तरच कुत्रा बाधित, एकच असेल तर वाहक, त्याला हा त्रास होत नाही. पाय लटपटताना पळवत राहिल्याने कुत्रे मेले आहेत. खाण्याने सुटणारी गोष्ट नाही.

डबलबॅरल
नुसता उन्हाचा त्रास असेल. थर्मामीटर लावा, ४१ च्या वर गेला तर ऊन, नाहीतर ईआयसी.

पाणकावळा
चुकीचं. जोरात धावल्यावर निरोगी लॅबचंही तापमान ४१ सेल्सियसच्या पुढे जातं, आकड्यावरून ओळखता येत नाही. उष्माघातातला कुत्रा सहसा वीस मिनिटांत ठणठणीत होत नाही, गुंगी असते, तब्येत तासन्‌तास सुधारत नाही. पण हे इथे बसून ठरवायचं नाही. हृदय, सांधे, रक्तातली साखर हेही डॉक्टरच बघतील. लटपटतानाचा मोबाइलवर व्हिडिओ काढून न्या, दवाखान्यात तो छान चालून दाखवेल.

मोगरा२०१०
आमच्या ओळखीत एकाच्या लॅबची शेपूटच लोंबायला लागली होती, तेही हेच का?

सुलूताई
नाही, ते वेगळं. गार पाण्यात खूप पोहल्यावर किंवा एकदम जास्त श्रम झाल्यावर शेपटीचे स्नायू दुखतात, काही दिवसांत आपोआप बरं होतं. धागा पळवू नका.

तळ्याकाठी
डॉक्टरांची परवाची वेळ मिळाली. जूनचं नाव नोंदवत नाही. पण होल्डचा सराव घरात बसून चालेल ना? त्यात धावणं नाही.

पाणकावळा
घरात, थंडाव्यात, पाच मिनिटं, चालेल. पण उत्साहाने उड्या मारायला लागला तर थांबवा, हा त्रास उत्साहानेही होतो. रिपोर्ट वाहक किंवा स्वच्छ आला आणि डॉक्टरांनी परवानगी दिली तर शरद ऋतूतली टेस्ट बघा. ज्युनिअरच्या जागा बहुधा भरत नाहीत, भरतात त्या मास्टरच्या. बाधित आला तरी घरचा कुत्रा म्हणून छान आयुष्य जगतो, फक्त या खेळाचा विचार सोडा. दरम्यान एखाद्या क्लबला पक्षी फेकायला जा, फेकणारे त्यांना कायम कमी पडतात. एक दिवस मैदानावर उभं राहून जेवढं कळतं तेवढं इथल्या दहा उत्तरांत नाही.

तळ्याकाठी
आमच्या जवळ एक वाइल्डलाइफ मॅनेजमेंट एरिया आहे, परवानगी मिळाली तर तिथे तळ्यावर सराव करता येईल का?

वाघ्या_मॅडिसन
मिनेसोटात तिथे १६ एप्रिल ते १४ जुलै कुत्रा पट्ट्यालाच बांधलेला हवा, पक्ष्यांच्या घरट्यांचे दिवस असतात. म्हणजे तोवर नाही. आणि त्यानंतर पाण्यावर हिरवट सायीसारखा थर दिसला तर कुत्र्याला पाण्याला शिवू देऊ नका, निळ्या-हिरव्या शेवाळाच्या विषाने कुत्रे काही तासांत जातात.

बारामतीकर
आणि फ्रीझर वेगळा घेतला का?