सत्तरी ओलांडलेल्या आईच्या पायांतील ताकद घरी कशी तपासावी?

प्रश्न :
माझ्या आईचे वय 72 असून आम्ही सोलापुरात राहतो. तिने उमेदीची सारी वर्षे मांडी घालून विड्या वळल्या आणि आजही ती जेवायला जमिनीवरच बसते. अलीकडे मात्र उठताना भिंतीचा आधार घेते. हात न टेकता जमिनीवरून उठता आले नाही तर आयुष्य थोडेच उरले, असे सांगणारी एक चित्रफीत पाहून ती धास्तावली आहे. यात तथ्य किती आणि घरी कोणती तपासणी करावी?

उत्तर 1 :
ही चाचणी ब्राझीलमधील संशोधकांची आहे. बसण्याचे 5 आणि उठण्याचे 5 असे 10 गुण असतात. टेकलेल्या प्रत्येक हातामागे किंवा गुडघ्यामागे 1 आणि तोल डळमळल्यास अर्धा गुण वजा होतो. 51 ते 80 वयाच्या 2,002 व्यक्तींवरील त्यांच्या 2012 च्या अभ्यासात कमी गुण असलेल्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले, हे खरे. परंतु तो समूहाविषयीचा निष्कर्ष आहे, त्यावरून आपल्या आईंचे भविष्य वर्तवणे हा निव्वळ अतिरेक होय. शिवाय दुखऱ्या गुडघ्यामुळेही गुण जातात.

घरी 30 सेकंदांची खुर्ची चाचणी करावी. सुमारे 43 सेंटिमीटर उंचीची, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी, कारण शहाबादी फरशीवर प्लास्टिकची खुर्ची हमखास सरकते. दोन्ही हात छातीवर आडवे धरून पूर्ण उभे राहायचे, पुन्हा बसायचे, आणि 30 सेकंदांत किती वेळा उभे राहता आले ते मोजायचे. 70 ते 74 वयाच्या स्त्रियांमध्ये 10 पेक्षा कमी आणि पुरुषांमध्ये 12 पेक्षा कमी संख्या सरासरीखालची मानली जाते. शेजारी कोणीतरी उभे असावेच.

उत्तर 2 :
वरील उत्तराशी मी सहमत आहे, तरी जमिनीवरून उठणे दुय्यम मानू नये, असे मला वाटते. ज्या घरात जेवण, निवडणे-टिपणे आणि गप्पा सारे खालीच बसून होते, तेथे ही हालचाल रोजच्या गरजेची असते, आणि पडल्यावर स्वतःहून उठता येणे हाही तिचाच भाग आहे. तिला आधार घेण्यापासून रोखू नका, फक्त कशाचा आधार लागतो याची नोंद ठेवा. चालण्यासाठी, खुर्चीतून उठून 3 मीटर जाऊन, वळून पुन्हा बसेपर्यंतचा वेळ मोजावा. 12 सेकंद किंवा अधिक लागल्यास पडण्याचा धोका वाढलेला समजतात.

प्रश्नकर्ता :
आभारी आहे. खुर्चीवरून उठताना आईला मांड्यांवर हात टेकावेच लागले. मग ही चाचणी निरर्थक ठरते का?

उत्तर 1 :
नियमानुसार हात वापरल्यास गुण शून्य धरतात. तरीही ती माहिती उपयोगाचीच आहे, कारण त्यातून मांड्यांचे स्नायू अशक्त झाल्याचे सूचित होते. फिजिओथेरपिस्टना दाखवून व्यायाम ठरवून घ्यावा. सुरुवातीला बहुधा उंच आसनावरून उठण्याचा सराव देतात आणि ताकद येईल तशी उंची कमी करतात. मात्र अशक्तपणा अचानक आला असेल, एकाच पायात असेल किंवा उभे राहताच चक्कर येत असेल, तर चाचण्या बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जावे.