मदत हवी आहे: हाँग सू-ह्वान एका फेरीत चारदा पडला, तरी लढत चालू कशी राहिली?

नमस्कार मंडळी,

आमच्या बॉक्सिंग क्लबातल्या पोरांना अधूनमधून जुन्या लढती दाखवतो. या खेपेला कोरियाच्या हाँग सू-ह्वानची लावली. २६ नोव्हेंबर १९७७, पनामा सिटी. समोर तिथलाच हेक्टर कारास्किया, वय १७, अकरा लढती आणि अकराही नॉकआउटने जिंकलेल्या. दुसऱ्या फेरीत त्याने हाँगला चारदा लोळवलं. तिसऱ्या फेरीत हाँगने त्यालाच दोरांवर रेटून संपवलं! पोरं नाचायला लागली, पण एकीने विचारलं, "सर, तीनदा पडलं की हार ना?"

हाँग काही नवखा नव्हता. ३ जुलै १९७४ ला दक्षिण आफ्रिकेत, डर्बनला, अर्नोल्ड टेलरला १५ फेऱ्यांत गुणांवर हरवून त्याने डब्ल्यूबीएचा (जागतिक बॉक्सिंग संघटनेचा) बँटमवेट या वजनगटाचा किताब घेतला होता, तोही लष्करी सेवेत असताना. तिथे चारदा पडला होता टेलर. पुढच्याच वर्षी मेक्सिकोच्या अल्फोन्सो सामोराने चौथ्या फेरीत किताब हिसकावला, आणि १९७६ मध्ये इंचॉनला पुन्हा हरवलं.

तर जाणकारांनो, रेफरीने पनामाची लढत का थांबवली नाही? आणि पनामात हाँगने जिंकलेला किताब आधी कोणाकडे होता? मला नाव सापडत नाहीये.

कोपऱ्यातला_स्टूल:
दुसरं आधी. नाव सापडणार नाही, कारण आधीचा विजेताच नव्हता. सुपर बँटमवेट (१२२ पौंड, म्हणजे साधारण ५५.३ किलो) हा गट डब्ल्यूबीएने तेव्हा नव्याने सुरू केला होता, त्याचा पहिला किताब या लढतीत ठरला.

आता नियम. 'एका फेरीत तीनदा पडला की लढत खलास' हा नियम सगळीकडे, सगळ्या लढतींना नसतो. या लढतीला तो लावायचा नाही असं आधीच ठरलं होतं. त्यामुळे दहा मोजायच्या आत उठणं आणि रेफरीला तो लढण्याजोगा वाटणं, एवढंच उरलं. गंमत बघा, ही सूट घरच्या पोराला सोयीची वाटली असेल, कामी आली पाहुण्याच्या.

रिकामी_बादली:
पोरांना कारास्कियाकडे बघायला सांगा. हाँगने डर्बनला पूर्ण १५ फेऱ्या काढल्या होत्या. हा मुलगा मात्र समोरचा आडवा होणारच या सवयीचा. चौथ्यांदा पाडल्यावरही हाँग उठला, तेव्हा याच्याकडे दुसरा बेत नव्हता, असं माझं मत. जिगर वगैरे ठीक आहे, पण अनुभवही धरा.

धागाकर्ता:
दोघांचेही आभार, काम झालं. पुढच्या वेळी फेब्रुवारी १९७८ ची टोकियोची लढत दाखवायची आहे, यू कासाहाराविरुद्ध हाँगने किताब राखला ती. पूर्ण १५ फेऱ्यांचं चित्रण कोणाकडे असेल तर कळवा.