दूध न घेणाऱ्या घरात ताहिनी रोज असावी का?

मेथीची जुडी (धागाकर्ती)
माझं मत ठाम आहे: असावी. भाजलेल्या तिळांचं हे वाटण लेबनॉन, सीरिया, पॅलेस्टाइन, इस्रायलमध्ये हुमूसपासून (हरभऱ्याचं वाटण) हलव्यापर्यंत सगळ्यात पडतं. ग्लुटेन नाही, १०० ग्रॅममागे साधारण १७ ग्रॅम प्रथिनं. हरभऱ्याशी तर जोडी उत्तम जमते, कारण प्रथिनांचे जे घटक लागतात त्यातलं लायसिन तिळात कमी आणि मिथिओनिन भरपूर, तर हरभऱ्यात नेमकं उलट. आणि १०० ग्रॅम तिळात कॅल्शियम ९७५ मिलिग्रॅमच्या आसपास!

घाणेकरीण
ताई, ते ९७५ सालासकट तिळाचं. दुकानातली फिकट, मऊ ताहिनी बहुतेक वेळा साल काढलेल्या तिळाची असते, आणि तसल्या तिळात कॅल्शियम १५० च्याही खाली येतं. मोठ्या माणसाची दिवसाची गरज १००० मिलिग्रॅम. दोन चमच्यांनी काय भरून निघणार? शिवाय १५ ग्रॅमच्या एका चमच्यात ९० च्या आसपास कॅलरी. त्यापेक्षा बिनपॉलिशचे तीळ आणा, खमंग भाजा, कुटा. भरल्या वांग्यात घाला, चटणी करून भाकरीशी खा. आयात बरणीचे पैसे वाचतील.

मेथीची जुडी
सालासकट तिळाचीही ताहिनी मिळते, जरा काळपट आणि कडवट. मी तीच वापरते. कूट भुरभुरून किती खाल्लं जातं? लिंबू, लसूण, पाणी घालून घोटलेली ताहिनी मुलं पोळीला लावून आवडीने खातात.

बिनसाखरेचा
दोघींशीही असहमत. सालातलं बरंच कॅल्शियम ऑक्झलेट नावाच्या वनस्पतींतल्या क्षाराला बांधलेलं असतं, ते अंगी फारसं लागत नाही. म्हणजे ९७५ हा आकडा कागदावरचा. ऑक्झलेटचे मुतखडे होणाऱ्याने तर सालासकट ताहिनी किंवा कूट रोज खाण्याआधी डॉक्टरांना विचारावं. चव म्हणून ताहिनी जरूर खा, पण कॅल्शियमची भिस्त एकट्या तिळावर नको. नाचणी, राजगिऱ्याचा पालाही ताटात असू दे.

सातूचं पीठ
राजगिऱ्याच्या पाल्यातही ऑक्झलेट भरपूर असतं हो! नाचणीचं मात्र पटलं.

पाणपोई
कॅल्शियमवर इतकं बोललात, ॲलर्जीवर कुणीच नाही. माझ्या भाचीला तीळ चालत नाही, चिमूटभर पोटात गेला तरी ओठ सुजतात. अमेरिकेत २०२१ च्या कायद्याने तीळ नववा प्रमुख ॲलर्जन ठरला आणि १ जानेवारी २०२३ पासून पाकिटावर तसं लिहिणं सक्तीचं झालं. युरोपातही तो यादीत आहे. आपल्या एफएसएसएआयच्या (अन्नसुरक्षेचं सरकारी प्राधिकरण) २०२० च्या नियमांतल्या यादीत शेंगदाणे, दूध, सोयाबीन आहेत, तीळ नाही. संक्रांतीला घरोघरी तिळगूळ वाटणाऱ्या देशात हे मला अजिबात पटत नाही. 'रोज खा' म्हणताना निदान एवढं तरी लिहा, की लहान मुलाला पहिल्यांदा अगदी थोडी द्या आणि लक्ष ठेवा.

मेथीची जुडी
ही ओळ धाग्यात वर घालते. सालासकट ताहिनीवर मात्र मी कायम आहे, आठवड्यातून दोनदा नाचणीच्या भाकरीबरोबर.

घाणेकरीण
मग 'रोज' राहिलं कुठे?