मदत हवी आहे : ग्रामसभेआधी गावाचं मत ऑनलाइन कसं घ्यावं?

नमस्कार मंडळी. आमचं गाव पाटण तालुक्यातलं, निम्मं मुंबईत. पुढच्या ग्रामसभेत विकास आराखडा आहे. कोरम १५ टक्के किंवा १०० मतदार, यापैकी कमी तो. तेवढेही जमत नाहीत, मग सभा तहकूब. व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारलं की आधी गुड मॉर्निंग, मग भावकीची भांडणं.

तैवानमध्ये २०१५ साली उबरच्या नियमांसाठी 'पोलिस' नावाचं साधन वापरलं होतं (आपल्या खाकीवाल्यांशी संबंध नाही). लोक छोटी विधानं मांडतात, बाकीचे सहमत, असहमत किंवा पास म्हणतात. उत्तर द्यायची सोयच नाही, त्यामुळे वाद पेटत नाही. मला हे फार आवडलंय. शिवाय कोणत्या गटांचं कशावर एकमत आहे, तेही दिसतं.

कुणी मराठीतून हे किंवा असं काही चालवलंय का? साधा गूगल फॉर्म पुरेल? एकाच घरातून दहा मतं कशी रोखायची? मतदार यादीत नाव नसलेल्या मुंबईकरांचं मत वेगळं दाखवावं का? स्मार्टफोन नसलेल्या म्हाताऱ्यांकडे पोरं वही घेऊन जातील, ती सोय होईल. ठराव ग्रामसभेतच होणार हे माहीत आहे, पण हा कौल ग्रामसेवकांकडे कोणत्या स्वरूपात द्यावा?